लस निर्दोष, सुईही निर्दोष. मग खांदा कुणाचा?

अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला आणि फार्मसीच्या दारात ‘फ्लू शॉट’च्या पाट्या लागल्या, की इकडच्या-तिकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. लस टोचून एका बाईचा खांदा कायमचा गेला, सरकारने अमुक हजार डॉलर मोजले. खाली लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, सरकारच पैसे देतंय म्हणजे लशीत खोट आहे हे कबूलच केलं की. दुसरी म्हणते, असलं काही पुढे पाठवू नका, लोक लस घ्यायचे थांबतील. आणि खांदा काय, चाळिशीनंतर दुखतोच. भांडण जोरात चालतं, पण भरपाई म्हणजे लशीविरुद्धचा निकाल हे दोघांनीही न बोलता मान्य केलेलं असतं. मला ते मान्य नाही. लसीकरण जितकं सार्वत्रिक हवं, तितकी त्यातून होणाऱ्या इजेची भरपाई सोपी हवी. ही मागणी लस-विरोधकांच्या ताब्यात देऊन टाकणं हा लशीच्या पाठीराख्यांचा करंटेपणा आहे, आणि भारतात तो जास्तच महागात पडणारा आहे.

आधी इजा काय ते पाहू. दंडावरची लस डेल्टॉइड स्नायूच्या मधोमध द्यायची असते. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून. लस घेणारा खुर्चीत, टोचणारी उभी, आणि बाही वर न सारता गळ्याकडून खाली ओढलेली असेल, तर सुई सहज वर लागते. तिथे स्नायूखाली बर्सा नावाची वंगणाची पातळ पिशवी असते. ती त्या हाडाच्या कडेपासून तीन ते सहा सेंटीमीटर खालपर्यंत पसरलेली असू शकते. लस बनवलेलीच असते शरीराला डिवचायला. स्नायूऐवजी ती या पिशवीत उतरली की आत दाह सुरू होतो. लस घेतल्यावर दोन दिवस दंड ठणकतो ते हे नव्हे. इथे हात खांद्याच्या वर जाईनासा होतो. ब्लाउजचा मागचा हूक लागत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, त्या कुशीवर झोप येत नाही, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. मग फिजिओथेरपी, खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, काहींच्या नशिबी शस्त्रक्रिया. डॉक्टरी भाषेत याला ‘सिर्वा’ म्हणतात, म्हणजे लस टोचण्यातून झालेली खांद्याची इजा.

अशांना अमेरिकेत पैसे मिळतात ते १९८६ च्या एका कायद्यामुळे, आणि तो लशीच्या शत्रूंनी केलेला नाही. ऐंशीच्या दशकात तिथे त्रिगुणी लशीवर खटल्यांची रीघ लागली. मुलांना झटके येतात, मेंदूला इजा होते, असे आरोप होते. कंपन्या एकेक करून त्या धंद्यातून बाहेर पडल्या, लशीचा तुटवडा पडण्याची वेळ आली. तेव्हा अमेरिकन काँग्रेसने सौदा केला. कंपनीवर थेट खटला नाही. त्याऐवजी प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येकी ७५ सेंट कर, आणि त्या निधीतून इजा झालेल्याला भरपाई. चूक कुणाची हे सिद्ध करायला नको. सुनावणी ‘स्पेशल मास्टर’ म्हणवणाऱ्या खास अधिकाऱ्यांपुढे. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर हरला तरी वकिलाची फी निधीतूनच. म्हणजे हा कायदा आला लस वाचवण्यासाठी. भरपाई हे त्यातलं साधन होतं.

खांद्याची इजा या योजनेच्या अधिकृत तक्त्यात २०१७ साली आली. दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं, त्या खांद्याला आधीचा त्रास नको, वेदना आणि आखडणं त्याच खांद्यापुरतं हवं, दुसरं कारण दिसता कामा नये. शिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा मग रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली. एवढं जुळलं की इजा लशीमुळेच झाली असं कायदा गृहीत धरतो. आज तिथल्या दाव्यांत निम्म्याहून अधिक दावे या एका इजेचे असतात. इथूनच विरोधकांचे खरे मुद्दे सुरू होतात, आणि ते व्हॉट्सॲपवरच्या मुद्द्यांपेक्षा पुष्कळ वजनदार आहेत.

पहिला मुद्दा कार्यकारणाचा. खांदा आखडणं हा मध्यमवयीनांचा नेहमीचा आजार आहे, मधुमेह्यांत तर फारच. कोट्यवधी लोक दरवर्षी दंडावर लस घेतात. त्यातल्या काहींचा खांदा त्याच आठवड्यात आपसूक धरणारच. आणि ‘४८ तासांत’ हे ठरतं कशावर? बऱ्याचदा कित्येक महिन्यांनी रुग्णाने सांगितलेल्या आठवणीवर. हे सगळं खरं आहे. त्रिगुणी लशीचा इतिहासही याच बाजूने बोलतो: लशीने मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ जणांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तर ११ जणांत मुळातला जनुकीय दोष सापडला. म्हणजे भरपाईची योजना कधीकधी लशीने न केलेल्या इजेचेही पैसे देते, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण मग दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. फ्लूच्या लशीनंतरच्या बर्साच्या दाहाबद्दल सुमारे ३० लाख लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२० मध्ये आला. लस घेतलेल्या दर दहा लाखांमागे साधारण ८ जादा रुग्ण. म्हणजे इजा खरी आहे आणि दुर्मीळही आहे. त्या आठ जणांना नवव्या, आपोआप खांदा धरलेल्या माणसापासून वेगळं काढणारी कोणतीही चाचणी नाही. एमआरआयमध्ये दाह दिसतो, त्याचं कारण दिसत नाही. मग चूक कुठल्या बाजूला झालेली परवडेल? खोट्या नवव्याला पैसे गेले तर निधीतून काही डॉलर गेले. खऱ्या आठांना हाकललं तर ज्यांनी आपल्या सांगण्यावरून हात पुढे केला, त्यांना आपण खोटारडं ठरवलं. अमेरिकी योजना हे जाणून चालते. तिथली जवळजवळ ६० टक्के भरपाई तडजोडीतून दिली जाते आणि त्यात लशीनेच इजा केली असा निष्कर्ष सरकारने काढलेला नसतो. ‘पैसे दिले म्हणजे कबुली दिली’ म्हणणाऱ्या पहिल्या फळीने हे एक वाक्य वाचलं असतं तरी निम्मा वाद मिटला असता. वाटप झालेल्या दर दहा लाख मात्रांमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळते, असंही तीच योजना सांगते.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे आणि तो खुद्द अमेरिकन आरोग्य खात्याने घेतला होता. २०२० साली खात्याने खांद्याची इजा तक्त्यातून काढून टाकायचा प्रस्ताव आणला. म्हणणं असं की ही इजा लशीने होत नाही, सुई चुकीच्या जागी गेल्याने होते. तिथे पाणी टोचलं असतं तरी काही ना काही झालं असतं. हा टोचणाऱ्याचा हलगर्जीपणा, त्याचा भार लशीच्या निधीवर का? शिवाय आठ स्पेशल मास्टर, त्यात खांद्यांची ही रांग. गंभीर इजा झालेल्या मुलांचे दावे मागे पडतात. जानेवारी २०२१ मध्ये तसा नियम निघालाही. पुढच्या सरकारने तो अमलात येण्याआधीच, एप्रिलमध्ये मागे घेतला.

हा युक्तिवाद वाचताना मला परळची आठवण होते. १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस दिली गेली. लस मुंबईहून गेलेली, वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतली. हे हाफकिन म्हणजे १८९७ च्या जानेवारीत आपली लस आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस. मुल्कोवालमध्ये एकाच बाटलीतून लस मिळालेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. चौकशी बसली. बाटली परळलाच दूषित झाली की गावात उघडल्यावर? हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत केलेल्या बदलावर ठपका आला, त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढे उमगलं ते असं की बाटलीचं बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून बाजू लावून धरली, १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. ते योग्यच झालं. पण पाच वर्षांच्या त्या सगळ्या वादाचा प्रश्न एकच होता: दोष लशीचा की हाताळणीचा? उत्तर ‘हाताळणीचा’ असं आल्यावर शास्त्राची अब्रू वाचली आणि प्रकरण मिटलं. त्या १९ घरांना मात्र या उत्तराने काय फरक पडणार होता?

प्रयोगशाळेसाठी तो फरक महत्त्वाचा आहे, यात वादच नाही. लस सदोष असेल तर ती थांबवायची, हात चुकत असेल तर हाताला शिकवायचं. पण टोचून घेणाऱ्यासाठी लस आणि सुई या दोन गोष्टी नसतातच. आजवर कुणी नुसती लस घेतली आहे का, सुई आणि हात वजा करून? सरकार जेव्हा ‘लस घ्या’ म्हणतं, तेव्हा घाईतली परिचारिका, कोपऱ्यातलं टेबल, वर न जाणारी बाही, सगळं त्या हाकेतच येतं. ‘हलगर्जीपणाचा दावा लावा’ म्हणणाऱ्यांनी तो लावून पाहावा. सुई किती सेंटीमीटर वर लागली, कोन काय होता, हे सहा महिन्यांनी सिद्ध कसं करायचं? भोक तर दुसऱ्याच दिवशी बुजलेलं असतं. आणि दावे जिंकता येऊ लागले, तर दिवसभर लशी देणाऱ्या फार्मासिस्टने उद्या ‘आम्ही लस देत नाही’ असं म्हटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी जे केलं तेच तो करील. रांग लांबत असेल तर मास्टर वाढवा. निधीत चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पडून आहे. वेदनांसाठीची अडीच लाख डॉलरची मर्यादा १९८६ पासून जागची हललेली नाही, ती मात्र कुणाला खुपत नाही.

अमेरिकेची योजना आदर्श आहे असं मी म्हणत नाही. फ्लूच्या लशीने खांदा गेला तर दाव्याला तीन वर्षं आणि वकील फुकट. कोविडच्या लशीने गेला तर वेगळी योजना, एक वर्षाची मुदत, वकिलाची फी नाही, वेदनांचे पैसे नाहीत. एकाच दुपारी, एकाच फार्मसीत, एकाच हाताने डाव्या दंडावर एक आणि उजव्या दंडावर दुसरी लस घेतलेल्या माणसाचे दोन खांदे दोन कायद्यांखाली येतात. ही विसंगती दुरुस्त करायला लशीच्या कैवाऱ्यांना सवड मिळाली नाही. परिणाम काय? २०२५ साली आरोग्यमंत्री झालेले रॉबर्ट केनेडी ज्युनिअर, ज्यांची हयात लशींवर संशय घेण्यात गेली, तेच आता ‘ही योजना मोडकी आहे, मी दुरुस्त करतो’ म्हणत पुढे आले. रिकामी ठेवलेली जागा कुणी तरी घेतोच.

तिसरा आक्षेप भीतीचा: भरपाईची चर्चा झाली की लोक बिथरतात. ब्रिटनकडे पाहा. सत्तरच्या दशकात डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल शंका उठली, लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास कोसळलं, साथी आल्या. भरपाईचा कायदा झाला १९७९ मध्ये. म्हणजे भीती आधी आली, भरपाई मागून. भरपाई नव्हती म्हणून भीती थांबली नाही. आपल्या पुण्याचं १८९७ सालही तपासून पाहावं. लोक चिडले ते घरात घुसणाऱ्या सोल्जरांवर, झडत्यांवर, ‘आमचं ऐकून घेणारं कुणी नाही’ या भावनेवर. सरकारच्या पद्धतीवर कोरडे ओढणारे टिळकच प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदू इस्पितळ उभारण्यात पुढे होते, त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या शेळी उचलतो, वनरक्षक येतो, पंचनामा करतो, शेतकऱ्याला पैसे मिळतात. उशिरा मिळतात, कमी मिळतात, पण मिळतात. त्याला कुणी वन्यजीवांविरुद्धचा प्रचार म्हणतं का? ती भरपाई बंद करून पाहा, बिबट्याचं काय होतं ते.

आता घरचं. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडची लस सुरू झाली. कोव्हॅक्सिन तेव्हा चाचणी-स्थितीत होती, म्हणून ती घेणाऱ्यांच्या संमतीपत्रात लिहिलं होतं की गंभीर इजा लशीमुळे झाल्याचं सिद्ध झालं तर कंपनी भरपाई देईल. शेजारच्या केंद्रावर कोव्हिशील्ड घेणाऱ्याच्या हाती असा कागद नव्हता. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत इजा झाली तर भरपाई मिळते. तेच औषध मान्यता मिळून कोट्यवधींना गेलं की काही नाही. म्हणजे प्रयोगाचा उंदीर व्हा, हक्क आहे. नागरिक व्हा, हक्क संपला! लशीनंतर दगावलेल्या दोन तरुणींच्या पालकांच्या याचिकेवर केंद्राने २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की लस ऐच्छिक होती आणि भरपाई हवी तर दिवाणी न्यायालय आहे. ऐच्छिक? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा पास दोन मात्रा घेतलेल्यांनाच मिळत होता. विरार-कर्जतहून नोकरीला येणाऱ्याला विचारा, त्याची इच्छा किती होती. ते बंधन घालणं त्या वेळी बरोबर होतं असं मला आजही वाटतं, पण बंधन घालणाऱ्याने ‘तुम्हीच तर हौसेने घेतली’ म्हणू नये. ग्राहक न्यायालयाचं म्हणाल, तर १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते, ती ग्राहक कायद्यात बसत नाही. पैसे भरून खासगीत लस घेणारा तक्रार करू शकतो. सरकारी केंद्राच्या रांगेत उभा राहिलेला नाही.

दोष-निरपेक्ष भरपाई, म्हणजे दोष कुणाचा हे न विचारता द्यायची भरपाई, या देशाला नवी नाही. कारखान्यातल्या अपघातासाठी ती १९२३ पासून आहे. लोकलमधून पडलेल्या प्रवाशाला रेल्वेची चूक सिद्ध न करता दावा लावता येतो. नसबंदी फसली किंवा तिच्यात इजा झाली तर सरकार ठरलेली रक्कम देतं, आणि त्यामुळे कुटुंबनियोजनाची बदनामी झाल्याचं ऐकिवात नाही. लशीलाच तेवढं सोवळ्यात का ठेवायचं?

इथे खांद्याचा प्रश्न नाही असं समजू नका. दरवर्षी कोट्यवधी गरोदर बायकांना धनुर्वात-घटसर्पाची लस दंडावरच दिली जाते. बाळंतपणानंतर मूल उचलता येईना झालं, तर घरात काय म्हणतील? बाळंतवाताचं दुखणं. लशीकडे कुणी बोटसुद्धा दाखवणार नाही. मार्केट यार्डातल्या हमालाचा खांदा सहा महिने गेला तर त्याच्यासाठी तो ‘किरकोळ दुष्परिणाम’ नसतो, त्याची रोजी असते. आणि नोंद न होण्याचं खरं कारण आपली शिक्षेची सवय. जानेवारी २०२१ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने बचावली, आणि पहिली बातमी आली ती कर्मचाऱ्यांवरच्या निलंबनाची. चूक गंभीर होती, कारवाई समजण्यासारखी आहे. पण ती पाहून दुसऱ्या केंद्रावरची परिचारिका ‘माझी सुई वर लागली असावी’ असं कागदावर लिहील का? अमेरिकेत ‘सिर्वा’ला ओळख मिळवून देणारा २०१० चा अभ्यास १३ रुग्णांचा होता आणि ते रुग्ण सापडले भरपाई मागणाऱ्यांच्या फायलींत. पैसे द्यायची सोय होती म्हणून लोक पुढे आले, पुढे आले म्हणून इजा कळली, कळली म्हणून ‘टोचणाऱ्यानेही बसून टोचा, बाही नीट काढा’ हे शिकवता आलं.

खर्चाचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक ढोबळ हिशेब. कोविडच्या २२० कोटींहून अधिक मात्रा आपण दिल्या. मात्रेमागे फक्त ५० पैसे बाजूला टाकले असते तर ११० कोटी रुपये जमले असते. त्या अमेरिकी अभ्यासाचा दर, दहा लाखांमागे ८, इथे जसाच्या तसा लागू नाही. तरी तोच प्रत्येक मात्रेला लावला तर १७,६०० खांदे होतात. माणशी साडेबासष्ट हजार. यातले बरेच सहा महिन्यांच्या आत बरे होतील, म्हणजे उरलेल्यांच्या वाट्याला अधिक येईल. मृत्यू आणि अपंगत्वाच्या दाव्यांसाठी वेगळी, मोठी तरतूद लागेल हे उघड आहे. खोटे दावे येतील का? येतील. पीकविम्यात येतात, अपघात विम्यात येतात. म्हणून आपण पीकविमा बंद केला नाही, पंचनामे कडक करायच्या मागे लागलो.

यंत्रणाही शून्यातून उभारायला नको. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या समित्या जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. लशीची चूक, देण्यातली चूक, भीतीमुळे आलेली चक्कर, निव्वळ योगायोग अशी वर्गवारी त्या आजही करतात. फक्त ‘देण्यातली चूक’ असा शेरा पडल्यावर फाइल बंद होते. तिथून ती भरपाईकडे जायला हवी. सुरुवात खांद्यापासून करावी, कारण निकष तयार आहेत आणि रकमा लहान आहेत. लसीकरण कार्डावर कोणता दंड, किती वाजता, एवढे दोन रकाने वाढवावे. कोविडच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांच्या फोटोला जागा होती, या दोन ओळींनाही झाली असती. आणि ज्यांची इजा आधीच होऊन गेली त्यांचं काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. अमेरिकेने आपली योजना १९८८ मध्ये सुरू केली तेव्हा त्याआधीच्या इजांसाठीही काही काळ दार उघडं ठेवलं होतं. आपणही एक-दोन वर्षांची तशी मुदत द्यावी. कागद अपुरे असतील, आठवणी पुसट झाल्या असतील, बरेच दावे फेटाळलेही जातील. पण फेटाळण्याआधी ते कुणी तरी वाचलेले असतील. आज तेवढंही होत नाही.